पुठ्ठ्याचं गाव

गावांचे नकाशे गावकऱ्यांकडूनच करून घेणाऱ्या संस्थेने सुगंधाला निवडलं ते तिच्या गप्प बसण्यामुळे. सावंतवाडीला सात दिवसांचं शिबिर झालं, चौदा जणांतून तिघांना गावं मिळाली, त्यातली ती एक. शिबिरात शिकवलं ते असं: सर्व्हेच्या नकाशावरची उंचीची एकेक रेषा पुठ्ठ्यावर उतरवायची, पुठ्ठे कापून एकावर एक चिकटवायचे, वरून कागदाचा लगदा लिंपायचा, की डोंगर, वहाळ, खाडी सगळं टेबलावर उभं राहतं. मग त्यावर गावाने आपलं गाव मांडायचं. घराला टाचणी, विहिरीला निळी टाचणी, डांबरी रस्त्याला लाल लोकर, पायवाटेला पांढरी. आणि हे घडवून आणणाऱ्या माणसाने, म्हणजे सुलभकाने, टाचणीला हातसुद्धा लावायचा नाही. "गाव बोलेल, तुम्ही ऐका," असं शिकवणारे रविराज सर रोज फळ्यावर लिहायचे. बाकीच्यांना ते जड गेलं. सुगंधाला नाही. वैभववाडीकडच्या सासरी बारा वर्षं तिने दुसरं काय केलं होतं? सोमवार, एकादशी, अमावास्या नुसत्या पाण्यावर काढणाऱ्या बाईला जिभेला आवर घालणं कसलं कठीण!

तिला मिळालेलं गाव मालवणकडचं, खाडीला लागून. पहिल्याच दिवशी होडीवाल्या बाबलीने तिला हटकलं.

"सुलभक म्हणजे काय गो बाय? संडास बांधूक इलंस?"

"नाही हो. तुमचं गाव टेबलावर मांडायला."

"टेबलार? मगे वायच सरळ मांड. हयसर सगळा वाकडाच आसा!"

ती हसली. काम बरं चाललं होतं. पुठ्ठे लावण्याआधी गाव पायाखाली घालायचं असतं, म्हणून ती मुळे, म्हणजे खाडीच्या चिखलातले शिंपले, आणि मासे विकणाऱ्या यशोदेबरोबर चार दिवस हिंडली. यशोदेने तिला गावातले बडे बागायतदार दाजी यांच्या काजूच्या बागेतून खाली खाडीवर नेलं. पाऊलभर रुंद वाट, मळून मळून गुळगुळीत झालेली.

"माजी सासू हेच वाटेन गेली, तिची सासूय हेच वाटेन," यशोदा म्हणाली. "ओहटी दोन तासांची. हयसून उतारलंव तर पाटी भरता. रस्त्यान फिरान गेलंव तर भरतीचा पाणी बगून परत येवचा."

"दाजी काही बोलत नाहीत?"

"त्वांड फिरवता. पण अडवूक नाय कदी."

बैठकीचा दिवस सुगंधाने स्वतः काढला. त्या गावात अमावास्येला होड्या बाहेर काढत नसत, म्हणजे माणसं घरी. शाळा चारला सुटते, म्हणजे वर्ग मोकळा. दवंडी दोन वेळा फिरवली. आपली हुशारी तिला मनातल्या मनात आवडलीदेखील. तिथी तिच्या बोटांवर होत्या; पण त्या देवाच्या तिथी. डोंगराखालच्या भातशेतीत वाढलेल्या बाईला हे कुठून ठाऊक, की अमावास्येच्या संध्याकाळी खाडी तळापर्यंत आटते आणि गावातली हिंडती-फिरती एकूण एक बाई त्या वेळी मुळे काढत गुडघाभर चिखलात असते?

चार वाजता वर्ग पुरुषांनी भरला. भिंतीला टेकून तीन म्हाताऱ्या.

"बायका कुठे?" तिने विचारलं.

"येतली, येतली," दाजी म्हणाले. गोड माणूस, स्वच्छ धोतर, सगळ्यांच्या मुंजीलग्नाला हजर. "तुमी सुरू करा."

कोपऱ्यात रविराज सर तिच्या गुणांचा कागद मांडीवर घेऊन बसले होते. टाचण्या लागल्या, लाल लोकर गेली, देवळाची टाचणी कोणी लावायची यावरून हशा पिकला. मग बाबलीने पांढरी लोकर घेतली, यशोदेच्या घरापासून ओढत बागेपर्यंत आणली आणि तिथे दाजींनी अलगद हाताने लोकरीचं टोक उचललं.

"बाबली, ती वाट न्हय रे. ती माजी बाग."

बाबली दर वर्षी काजूच्या दिवसांत त्याच बागेत कामाला. त्याने लोकर खाली ठेवली. हात चड्डीला पुसला.

सुगंधाने शिबिरातलं वाक्य म्हटलं, "आणखी कोणाला काही सांगायचंय?" नियमाप्रमाणे तीनदा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणताना घशाशी दुसरंच वाक्य आलं: मी स्वतः चाललेय या वाटेने. सरांचं पेन थांबलेलं तिला दिसलं. तिने गिळलं ते वाक्य. सरांनी मान डोलवली आणि कागदावर काहीतरी लिहिलं. चांगलंच लिहिलं असणार, पुढे तिला प्रमाणपत्र पहिल्या श्रेणीचं मिळालं.

नकाशा मान्य असल्याच्या कागदावर सर्वांनी सह्या केल्या. खाली सुगंधाची.

काळोख पडता पडता बायका आल्या, चिखलाने माखलेल्या, डोक्यावर पाट्या. यशोदेने आपलं घर ओळखलं, खूश झाली, मग बोट खाली खाली सरकवत बागेशी आली. बोट थांबलं.

"हयसून फुडे?"

दाजी निघून गेले होते. रविराज सर पुढे झाले. "उत्तम! बघा, लगेच चर्चा सुरू झाली. पुढच्या बैठकीत घेऊ."

पुढची बैठक झाली नाही. मार्चला योजना संपली. पुठ्ठ्याच्या गावाचे वरून फोटो काढून खाली त्या सह्यांसकट नकाशा छापला आणि पंचायतीने तो काच लावून भिंतीवर टांगला.

दुसऱ्या वर्षी, दोन हजार सातच्या दिवाळीनंतर, दाजींनी बागेला चिऱ्यांचा गडगा घातला. छातीइतकी उंच दगडी भिंत, वाट बंद. कोणी विचारलं तर ते पंचायतीच्या भिंतीकडे बोट दाखवत. सगळ्या गावाच्या सह्यांचा कागद होता तो, दाजींच्या एकट्याचा थोडाच?

यशोदेसकट सात बायकांनी तालुक्याला अर्ज केला. साक्षीला सुगंधाला बोलावलं. ती आदल्या दिवशी देवीची ओटी भरून आली होती. या वेळी बोलायचं, ठरवून आली होती.

"बैठकीला अर्जदार बाया हजर होत्या?" कारकुनाने विचारलं.

"नव्हत्या. पण तेव्हा ओहोटी होती."

"दवंडी दिली होती ना?"

"दोनदा."

"दिवस कोणी ठरवला?"

"मीच."

"कोणी हरकत घेतली?"

"नाही. पण मी त्या वाटेने चाललेय. बैठकीच्या आधी. वाट होती, मळलेली वाट होती."

"मग तेव्हा सांगायचं."

"आम्हाला बोलायचं नसतं."

कारकून हसला, वाईट नाही हसला. लिहून त्याने कागद पुढे केला: दवंडी रीतसर दिली. अर्जदार महिला गैरहजर. उपस्थितांपैकी कोणीही हरकत घेतली नाही. "वाटेचं तुमचं म्हणणं वेगळं द्या, अर्ज करून. यात काही खोटं असेल तर सांगा."

तिने दोनदा वाचलं. खोटा एक शब्द नव्हता. खोट्याखाली तिने जन्मात सही केली नव्हती. खऱ्याखाली सही करायला नाही कसं म्हणायचं, ते तिला कोणी शिकवलं नव्हतं. दाराशी यशोदा उभी होती. तिला अक्षर येत नव्हतं, पण ती पेनाकडे बघत होती.

सुगंधाने सही केली.

बाहेर यशोदेने विचारलं, "काय लिवल्यात?"

"जे झालं तेच."

"मगे आमची वाट?"

सुगंधाने खाली बघितलं. यशोदेने पदर खोचला.

"चला गो," ती बाकीच्यांना म्हणाली, "दोनची गाडी चुकली तर आज ओहटीय मिळाची नाय."

त्या सातही जणी एसटी स्टँडकडे निघाल्या. जाताना "येतंव" म्हणायची रीत आहे. कोणी म्हटलं नाही.