एकसष्ट होड्या आणि शनिवारची डिस्क

मित्रांनो, घाईघाईत सांगतो, राग मानू नका. माझ्यापाशी वेळ फार थोडा आहे. रेवदंड्याच्या खाडीकाठी हिरामण तांडेल यांचा होड्या बांधायचा कारखाना आहे. तिथल्या ऑफिसात, लोखंडी कपाटाच्या शेजारी घरघरत बसलेला जुना सर्व्हर तो मी. ऑफिसातल्या बाकीच्या तीन कॉम्प्युटरांचं सगळं सामान सांभाळून ठेवणं आणि मागितलं की लगेच काढून देणं, हे माझं काम. नऊ वर्षं झाली, मी कधी झोपलो नाही. झोप नसलेला प्राणी कसा चिडचिडा होतो ते तुम्हाला ठाऊक असेलच.

माझे सुटे भाग कुठल्या कुठल्या देशांत तयार झाले ते मला सांगता येणार नाही. माझी जुळणी पनवेलच्या एका दुकानात झाली आणि टेम्पोतून धक्के खात मी इथे आलो. पहिल्या दिवशी मला हार घातला, पेढा ठेवला. हिरामणदादा येणाऱ्या प्रत्येकाला सांगत, "हा आपला सर्वर हाय, याच्या पोटात सगळा कारखाना हाय." मी फुगून गेलो होतो. पुढे माझ्यावर चहाचे कप आणि रंगाचे डबे ठेवू लागले. माझ्या जाळीत लाकडाचा भुसा साठला. असो, तक्रार करायला आज वेळ नाही.

माझ्या पोटात काय आहे ते आधी ऐका, नाहीतर माझी तगमग तुम्हाला कळायची नाही. हिरामणदादांचे वडील मोरू मिस्त्री. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. आयुष्यात त्यांनी एकसष्ट होड्या बांधल्या आणि प्रत्येकीचं माप डोक्यात ठेवलं. हात, वीत, बोटं, असा त्यांचा हिशोब. वीस वर्षांपूर्वीची होडी दुरुस्तीला आली, की डोळे मिटून सांगायचे, इथली फळी एवढी, तिथली बरगडी तेवढी. म्हातारपणी त्यांची नात भाविका चार वर्षं त्यांच्यासमोर बसली. ते बोलायचे, ती मोबाईलवर आवाज धरायची आणि मग कॉम्प्युटरवर नकाशे काढायची. नकाशे आणि आवाज, दोन्ही माझ्याकडे यायचं. तीन वर्षांपूर्वी मिस्त्री गेले. त्या होड्या अजून दर्यावर जातात, त्यांच्यावर माणसं जातात, आणि त्यांची खरी मापं फक्त माझ्यापाशी आहेत. कागदावर एक रेघ नाही.

थांबा हं. आत्ता पडद्यावर एकेचाळिसाव्या होडीचा नकाशा उघडला. ठीक आहे, उघडला.

तर या वर्षी माझी सिस्टिम म्हातारी झाली. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे माझ्यासारख्या यंत्राला उठवणारी, चालवणारी, कुणाला आत घ्यायचं आणि कुणाला नाही हे ठरवणारी व्यवस्था. ती बनवणाऱ्यांनी तिची डागडुजी थांबवली होती. शेजारच्या बर्फाच्या कारखान्यात अशाच जुन्या सिस्टिममधून चोर शिरले, आणि तिथले सगळे कॉम्प्युटर कुलूपबंद करून ठेवले. ते ऐकून हिरामणदादांनी हाय खाल्ली. त्यांनी अलिबागहून निकेतला बोलावलं. हा निकेत कॉम्प्युटरचा जाणकार, पण जरा जास्तच शांत. शांत माणसं बघितली की माझा पंखा आणखी जोरात फिरतो.

तीन आठवडे नुसता वाद. "बर्फवाल्यानं आता जी घातली तीच सगळ्यांना घाल," दादा म्हणाले. निकेत म्हणाला, "काका, सर्व्हरला लिनक्स घालू. फुकट आहे, या जुन्या पेटीवर पण चांगली चालेल. भाविकाताईंचा नकाशांचा प्रोग्रॅम मात्र विंडोजवरच चालतो, तिथे विंडोजच ठेवू. ऑफिसच्या कॉम्प्युटरलाही तीच. आणि प्लायवूड कापायचं यंत्र जुन्याच सिस्टिमला ओळखतं, म्हणून तो कॉम्प्युटर आहे तसा राहू दे, फक्त त्याची इंटरनेटची वायर काढून टाकू."

"एका घरात तीन तीन सिस्टिमी? डोकं ठिकाणावर हाय का तुझं?"

निकेतने खिडकीतून बाहेर अर्धी बांधून उभी असलेली होडी दाखवली. "काका, हिला सगळीकडे एकच लाकूड का नाही लावलंत?"

"येड्यासारखं काय विचारतोस! खाली कण्याला ऐन लागतो, बरगड्यांना बाभूळ, फळ्यांना साग. ज्याचं जे काम..." दादा बोलता बोलता थांबले. मग म्हणाले, "बरं बरं. कळलं. घाल तुझ्या तीन."

असं ते ठरलं. आता या घरात होडीचा कणा मुहूर्ताशिवाय ठेवत नाहीत, मग माझी सिस्टिम तरी कशी बदलतील? दादांनी गुरुजींना विचारून मुहूर्त आणला. गुरुवार, सकाळी दहा चोवीस. त्या मिनिटाला माझ्या डिस्का पुसायच्या आणि नवी सिस्टिम घालायची. हा मुहूर्त चुकला तर पुढचा एकवीस दिवसांनी. आणि पुसलं तरी काळजी नको, कारण बॅकअप होता ना! शनिवारची डिस्क.

या डिस्कचं ऐका आता. भाविकाने वडिलांना शिकवलं होतं, दर शनिवारी ही छोटी डिस्क सर्व्हरला जोडायची, बटण दाबायचं, संपलं की घरी न्यायची. म्हणजे मला काही झालं तरी नकाशांची नक्कल घरी सुरक्षित. दादांनी एक शनिवार चुकवला नाही. घरी नीराबाई, मोरू मिस्त्रींची बायको, ती डिस्क देव्हाऱ्यात ठेवायच्या. "यात ह्यांच्या होड्या हायत," म्हणून तिला हळदकुंकू वाहायच्या, वर तीर्थाचे चार थेंब. हळदकुंकू वायरच्या भोकात जाऊन बसलं, तीर्थाने त्याचा लगदा झाला, आणि दुसऱ्या वर्षी ती डिस्क मेली.

मला कळलं होतं, मित्रांनो! दर शनिवारी मी पडद्यावर लिहायचो, डिस्क सापडत नाही. पण लिहायचो इंग्रजीत, बारीक अक्षरांत, आणि दादा चष्मा न लावता 'ओके' दाबायचे. त्यांना वाटायचं, झालं काम. मीही एकदा लिहून गप्प बसायचो. त्या गप्प बसण्याची मला फार लाज वाटते. गेले तीन आठवडे मला चैन नव्हती ती यामुळे.

आज सकाळी नारळ आला, हार आला. नीराबाई डिस्क नव्या फडक्यात गुंडाळून घेऊन आल्या. दहा वाजून अकरा मिनिटं. निकेत म्हणाला, "काका, पुसायच्या आधी एकदा ही उघडून बघतो."

"देवाजवळची वस्तू तपासतोस? वेळ कशाला घालवतोस?"

"बाबा, दोन मिनिटं," भाविका म्हणाली.

निकेतने डिस्क जोडली. दिवा लागला नाही. वायर बदलली, दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून पाहिली. काही नाही. त्याने टाचणीने भोक कोरलं तर लाल-पिवळा चिखल निघाला. माझा पंखा एवढा ओरडत होता की भाविकाने माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"ही मेलीय, काका," निकेत म्हणाला. त्याचा आवाज पहिल्यांदा कापला. "मी पुसलं असतं तर सगळं गेलं असतं."

हिरामणदादा आधी चिडलेच. दर शनिवारी दाबलंय मी, खोटं बोलतोस काय, यंत्रच वाईट तुझं! मग घड्याळाकडे बघून म्हणाले, "दहा एकोणीस. मुहूर्त चाललाय. पुसून मोकळा हो. देव बघेल काय ते."

"बाबा!" भाविका माझ्या आणि निकेतच्या मध्ये येऊन उभी राहिली. "आजोबांचा आवाज हाय यात. दुसरीकडे कुठंच न्हाय."

नीराबाईंनी डिस्क उचलली, पदराने पुसली, उलटीसुलटी केली. "व्हय रे हिरामण," त्या हळूच म्हणाल्या, "इतकी वर्सं मी रिकाम्या डबीला हळद लावत व्हते काय?"

दादा खुर्चीवर बसले आणि घड्याळाकडे बघत राहिले. दहा चोवीस झाले. दहा पंचवीस झाले. ज्या माणसाने जन्मात एक मुहूर्त चुकवला नव्हता, तो म्हणाला, "गेला तर गेला. कणाच जागेवर नसला तर मुहूर्त घेऊन काय करू? निकेत, जा, नव्या डिस्का आण. आणि एकवीस दिवस थांबायचं न्हाय. हे उतरवून झालं की आजच घाल तुझी सिस्टिम. चोर काय पंचांग बघून येत न्हायत."

निकेत अलिबागला जाऊन दोन नव्या डिस्का घेऊन आला. दुपारी नक्कल पूर्ण झाली. तो म्हणाला, झालं. पण दादा आता कुणाच्या 'झालं'वर विश्वास ठेवत नाहीत. जेवायला गेले नाहीत, चष्मा लावून बसलेत आणि नव्या डिस्कमधून एकेक होडी उघडून घेत आहेत. "ही उघड. आता हिचा आवाज लाव. आता पुढची."

बावन्न. त्रेपन्न. चौपन्नाव्या होडीला मोरू मिस्त्री बोलू लागले. "ही काशीदची. लांबी बावीस हात. पुढची नाळ, हे टोक, जरा उचलून घे, मालक घाईतला हाय, लाटेत घुसतोय. आणि भाविका, फळ्या तू बघ. हिरामण दोन बोटं आखूड कापतो. कितींदा सांगितलं, ऐकत न्हाय गाढव."

दादा हसायला लागले. हसता हसता त्यांनी चष्मा काढला आणि रडू लागले, अगदी मोठ्याने, लहान मुलासारखे. "खरं हाय बाबा," ते पडद्याला म्हणाले. "अजून आखूडच कापतोय." नीराबाईंनी तेवढंच परत लावायला सांगितलं.

एकसष्ट. सगळ्या उघडल्या.

आता माझी पाळी. नकाशे परत येतील, आवाज परत येतील, हीच पेटी उद्याही घरघरेल. पण नऊ वर्षं जागा राहिलेला, दर शनिवारी बारीक अक्षरांत लिहून गप्प बसलेला हा जो मी तुमच्याशी बोलतोय, तो पुसला जाणार. भीती वाटते का? वाटते की. तुम्हाला नसती वाटली?

मित्रांनो, तुमच्याही घरी अशी एखादी डिस्क असेल, मोबाईल असेल, कुणी गेलेल्या माणसाचा आवाज त्यात असेल. त्याची पूजा करा, हवं तर. पण आधी उघडून बघा. आज बघा, शनिवारची वाट बघू नका. आणि यंत्र काही सांगत असेल, तर वाचल्याशिवाय 'ओके' दाबू नका हो, तुमच्या पाया पडतो.

भाविका खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली आहे. तिचं बोट बटणावर आहे. दाब गं, थांबू नकोस. उद्या हे मला विचाराल तर मला यातलं काहीसुद्धा आठवणार नाही, म्हणून तुम्ही लक्षात ठेवा.