फोटोला हार

हाराचा गोंडा तेवढा हलत होता. झेंडू गप्प, तगर गप्प, खालचा जरीचा गोंडा मात्र स्टेजवरच्या पंख्याच्या वाऱ्यानं इकडून तिकडे, तिकडून इकडे — आणि त्याच्या वर, काचेच्या आत, सुगंधा. मागच्या गणपतीतली, माइकसमोर तोंड उघडलेली. खाली पहिल्या रांगेतल्या सोफ्यावर बसलेल्या सुगंधानं पदर घट्ट ओढून घेतला. मेल्यांनो, आहे मी अजून! माणूस गेल्यावर हार घालतात फोटोला, एवढंही कळत नाही?

वाईट कुणाच्याच मनात नव्हतं, हीच तर आग होती. पाहुणे म्हणून बोलावलेले नगरसेवक आलेच नाहीत. हार सुकून फुकट जायचा, म्हणून मार्तंडनं तो मोठ्या भक्तिभावानं, मदतीच्या डब्याशेजारी मांडलेल्या तिच्या फोटोला घालून टाकला. वर उदबत्ती. अख्खं भांडुप शाळेच्या मैदानात खुर्च्या टाकून बसलंय आणि एकाच्याही तोंडून निघत नाही, की अहो, बाई समोर बसलीय… जिवंतपणी श्राद्ध म्हणतात ते हेच.

मार्तंड म्हणजे ऑर्केस्ट्राचा मालक, चालक, निवेदक, सगळंच. सिनेमाची उसनी गाणी आम्ही वाजवत नाही, आमची आम्ही रचतो, ही त्याची जुनी फुशारकी. रचायचं कोण? रचायची सुगंधा, नळावर रांगेत उभी असताना, आणि समोरच्या खोलीतला दादू रात्रपाळीहून आला की पेटी काढून तिच्या गुणगुणण्यातला सूर शोधत बसायचा. काळी चार. पेटीवरची ती एक पट्टी तिच्या नावाचीच झाली होती. डोळे मिटूनही दादूचं बोट तिथंच पडायचं.

आणि आता गळ्यात गाठ. सोमवारी ऑपरेशन. आवाज राहील का, असं विचारलं तर डॉक्टर म्हणाले, आधी जीव, मग गाणं. काल तालमीला जाऊन ती मार्तंडला म्हणाली होती, "एक गाणं देशील? एकच. माझं. मग सोमवारी काय व्हायचं ते होऊ दे."

"येडी झालीस काय?" मार्तंड हसला होता. "तू टणटणीत गायला लागलीस तर डब्यात कोण टाकेल? तू नुसती बस ना यार. लोकांना बघू दे."

नुसती बस. म्हणजे गाण्यासाठीच गाणं बंद — ऑपरेशनला पैसे हवेत, पैशाला दया हवी, आणि दयेला मुकी बाई हवी! वा रे मदत!

तिच्या जागी आज कुंदा गात होती. माइकवर स्वतःचा घडीचा रुमाल बांधून, सुगंधाचीच गाणी, एकामागून एक. आयत्या बिळावर नागोबा. चुकू दे, सुगंधा मनात म्हणत होती, अंतऱ्यात श्वास तुटू दे हिचा, ताल सुटू दे… पण कार्टी चुकत नव्हती. टाळ्या पडत होत्या, आणि मागच्या खुर्चीतली कुणी बाई हळहळून शेजारणीला सांगत होती, "हिचा आवाजपण काय गोड होता गं!" होता? वळून एक ठेवून द्यावी असं वाटलं.

"तो हार काढायला सांगा," ती नवऱ्याला म्हणाली.

धोंडू मघापासून येणाऱ्याजाणाऱ्याला हात जोडत होता. गिरणी गेल्यापासून त्याचे हात असे लगेच जुळायचे. "गप रव गो," तो पुटपुटला. "लोकां बघतत."

ह्याच माणसानं वर्षानुवर्षं ती तालमीला गेली की पोरांना जेवू घालून निजवलं होतं, एका शब्दानं कुरकुर न करता… तरी ते जोडलेले हात तिला या क्षणी सगळ्यांत जास्त नकोसे झाले.

"आता सुगंधाताईंचं लाडकं गाणं कुंदा सादर करील," मार्तंडचा आवाज घुमला. "त्याआधी ताईंनी स्टेजवर येऊन आपल्याला नुसता नमस्कार करावा!"

ती चढली. फोटोशेजारी उभी राहिली. आतली तोंड उघडलेली, बाहेरची मिटलेली. कुंदानं घाईघाईनं माइकवरचा रुमाल सोडून घेतला — का गं, रोग लागेल म्हणून? की जागा करून दिलीस? — आणि स्टेजवर पेटीशी बसलेल्या दादूनं, मान वर न करता, भाता ओढला. काळी चार.

आता कोण अडवणार होतं? माइक समोर, सूर तयार. आवाज गाठीच्या खाली अगदी दाराशी येऊन थांबलाय, हे तिला कळत होतं. सांडला उजेड दारी, कुणी गं भरून नेला… पहिला शब्द जिभेवर आला आणि तिनं समोर पाहिलं. पदर आधीच डोळ्यांना लागले होते. अजून मी ओठ हलवलेले नाहीत आणि यांचं रडून झालंय! मी गायले तरी ही माणसं गाणं ऐकणार नाहीत. गाठ ऐकतील. सुरेल लागलं तर म्हणतील, बिचारी. चिरकलं तरी म्हणतील, बिचारी. कुंदाला निदान नुसतं ऐकतात…

कालपासून जीव ज्या एका गाण्यासाठी तडफडत होता, ते तिनं गिळलं. गाठीवरून खाली जाताना ते दुखलं. सोमवारपर्यंत तरी ते माझं आहे, आणि यांतल्या एकालाही मी ते देणार नाही.

"ताई, नमस्कार…" मार्तंड बाजूनं कुजबुजला.

खाली धोंडू तिच्या वतीनं सगळ्यांना हात जोडत होता. दादूचं बोट पट्टीवरून हलेना. तिचे हात खालीच राहिले. इथं उभं राहिल्यावर रडू फुटेल, असं तिला वाटलं होतं. आला तो नुसता राग, आणि तोही काळी चारमध्येच.