विचारलं तर आठ

“सात, दोन, नऊ, चार.” सेकंदाला एक अंक, अशा बेतानं श्रावस्तीनं वाचलं आणि मान वर केली. समोरच्या खुर्चीत तिचे वडील धम्मपाल दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते. ऐकलेले अंक त्यांनी त्याच क्रमानं परत म्हणायचे होते.

“सात,” ते म्हणाले. “दोन...” पुढं काही येईना.

श्रावस्तीला हसू आलं. पप्पांना थट्टा करायला हीच वेळ सापडली होती का? एसटीत तीस वर्षं कंडक्टर असलेला माणूस. भरल्या गाडीत कोण कुठं उतरणार, हे एकदा ऐकून ध्यानात ठेवणारा.

मानसशास्त्राच्या प्रात्यक्षिक परीक्षेला ज्याच्यावर प्रयोग करायचा, तो माणूस ज्याचा त्यानं आणायचा असतो. तिची मैत्रीण गौरी यायची होती, ती सकाळीच तापानं फणफणली. “तुम्ही नाही आलात तर माझं वर्ष जाईल,” असं श्रावस्ती म्हणाली, तेव्हा पप्पा बराच वेळ उंबऱ्यावर बसून राहिले. मग त्यांनी चपला घातल्या.

“परत घ्या. तीन अंकांपासून,” बाहेरून आलेल्या परीक्षक बाई म्हणाल्या. मघाशी तोंडी परीक्षेत वर्तनवाद्यांचं म्हणणं श्रावस्तीनं घडाघडा सांगितलं होतं, जे दिसतं आणि मोजता येतं तेवढंच धरायचं. बाई खूश झाल्या होत्या.

तीन अंक पप्पांनी सांगितले. चार अडले. दुसऱ्यांदाही अडले. ते श्रावस्तीच्या ओठांकडे बघत राहिले. त्यांच्या कपाळावर घाम आला होता आणि ती थट्टा नव्हती.

बाईंनी तिचं जर्नल उघडलं. एका वेळी किती अंक ध्यानात राहतात याची, एकाच व्यक्तीवर वर्षभरात चार वेळा घेतलेली चाचणी: आठ, आठ, सात, आठ.

“हे यांचेच आकडे?”

चारही वेळा श्रावस्ती जर्नल घेऊन बसली, की पप्पा म्हणायचे, “माझं काय मोजतीस गं? आठ लिव.” आणि उठून जायचे. तिला तेच सोयीचं होतं. एकदा तिनं मुद्दाम सात लिहिलं होतं, खरं वाटावं म्हणून.

बाई पप्पांकडे वळल्या. “काका, मुलीनं वर्षभर तुमची चाचणी घेतली होती का?”

पप्पांनी सदऱ्याच्या खिशातून एक चिठ्ठी काढली, डोळ्यांजवळ धरून वाचली आणि टेबलावर ठेवली.

“व्हय मॅडम. आठ आलते. पोरगी लई नेमानं करती.”

श्रावस्तीनं चिठ्ठीकडे पाहिलं. अक्षर पप्पांचंच होतं. वर तिचं नाव, खाली तिचं कॉलेज, बी.ए.चं कितवं वर्ष, घराजवळच्या थांब्याचं नाव आणि शेवटी: ‘विचारलं तर आठ.’ कागद घड्यांवर विरून फाटायला आला होता. तो आज लिहिलेला नव्हता.

तिनं जर्नल ओढून घेतलं. बाईंच्या देखत चारही आकडे खोडले आणि आजच्या रकान्यात तीन लिहिलं.

“पप्पा,” ती म्हणाली, “हे कधीपासून?”

त्यांनी उत्तरासाठी पुन्हा चिठ्ठी उचलली.