आरपार कोनाडा

सहाशे वर्षांपूर्वी आमच्या या घरात एक संन्यासी स्वतःला चिणून घेऊन राहिला. भिंतीत एक आरपार कोनाडा तेवढा ठेवला. गावकरी त्यात जेवणाचा वाडगा ठेवत, तो रिकामा करून परत ठेवी. वाडगा भरलेलाच दिसला, की काय ते समजायचं आणि भिंत फोडायची. त्याच्यामागून आणखी संन्यासी आले, मग मेंढरं, मग बटाट्यांची पोती आणि शेवटी माझे सासरे. त्यांनी खाटा टाकून पाहुणे ठेवायला सुरुवात केली. हे सगळं मी येणाऱ्या प्रत्येकाला सांगते. ते विचारतात, "वायफाय आहे ना?"

नवरा गेल्यापासून त्या कोनाड्यात माझं दूध येतं. दूधवाला भरलेली बाटली ठेवतो, रिकामी नेतो. बाटली तशीच दिसली तर हाक मारायची, असं मी त्याला बजावलंय.

"मावशी, तुम्ही कसल्या मरताय! यमच पळून जाईल," म्हणाला मेला.

यंदा थंडीत एकच पाहुणी आली. आल्या आल्या तिने सांगितलं, "मी मौन पाळणार आहे. स्वयंपाक माझा मी करीन. कृपा करून बोलू नका." म्हटलं, बरं बाई.

दुसऱ्याच दिवशी मला ताप भरला. घसा असा बसला, की शब्द फुटेना. अंगात उठायचं त्राण नव्हतं. उशाशी पाण्याचा तांब्या होता म्हणून निभावलं. पडल्या पडल्या मी हाकेची वाट पाहायची. रोज बाटली वाजायची, सायकल निघून जायची. मग एकदा बाहेर बाटली धुतल्याचा आवाज आला, तेव्हा कळलं. दूध पाहुण्यांसाठीच असतं असं समजून ती बाई ते पीत होती आणि बाटली धुऊन परत ठेवत होती. काय तरी नीटनेटकेपणा! तिच्या चांगुलपणाने मी रोज ठणठणीत ठरत होते. त्या दिवसांत मला खरोखर भीती वाटली.

जाताना तिने मौन सोडलं. माझ्या बंद दाराबाहेरून म्हणाली, "मावशी, दूध फार छान होतं. इतका एकांत मला कुठेच मिळाला नाही."

त्यानंतरची बाटली भरलेलीच राहिली. दुसऱ्या सकाळी सायकल थांबली, पण निघाली नाही. दूधवाल्याने कोनाड्याला तोंड लावलं.

"मावशी, आहात का? अहो मावशी!"

आवाज तर नव्हताच. भिंत धरत धरत गेले आणि बाटली आत ओढून घेतली.

"आहात!" तो बाहेर ओरडला. मी भिंतीला टेकून पोटभर रडले. मी आहे, हे कितीतरी दिवसांनी कुणीतरी मोठ्याने म्हटलं होतं.