उजव्या खांद्याची जीभ

फेब्रुवारीत दशरथ पेडणेकरांचा उजवा हात खांद्याच्या रेषेपर्यंत गेला आणि तिथेच थांबला. आणखी वर न्यायचं म्हटलं की खांदा आतून कडी लावून घ्यायचा. दुसरा कुणी असता तर माळ्यावरचे डबे काढण्यातून सुटलो म्हणून खूश झाला असता. पण दशरथराव अंपायर होते.

विमा कंपनीच्या क्लेम खात्यात बत्तीस वर्षं लोकांना 'नाही' म्हणून ते निवृत्त झाले, आणि हा गुण वाया जाऊ नये म्हणून भाईंदर पूर्वेच्या त्यांच्या कॉम्प्लेक्सने त्यांना टेनिस बॉलच्या स्पर्धेत उभं केलं. बारा वर्षांत त्यांचा एकही निर्णय फिरला नव्हता.

त्या वर्षी साखळी सामन्यात बी विंगच्या जितेंद्रने चेंडू थेट मैदानाबाहेर मारला. दशरथरावांनी षटकाराची खूण केली. डावा हात आभाळात, उजवा बरगडीपाशी. लांबून बघणाऱ्याला एकच हात वर दिसला आणि फलंदाज बाद झाल्यासारखं वाटलं. गोलंदाज नाचला. जितेंद्र बॅट काखेत मारून मंडपात गेला आणि कोकम सरबत पिऊन बसला. त्याला समजावून परत आणण्यात वीस मिनिटं गेली.

कमिटी बसली. फायनल चार आठवड्यांवर होती. तोवर दोन्ही हात वर गेले तर ठीक, नाहीतर मुख्य अंपायर आत्माराम घरत, असं ठरलं. आत्माराम इतकी वर्षं लेगला उभे राहायचे. माणूस अत्यंत मायाळू. कुणाचं मन मोडायला नको म्हणून जो मोठ्याने अपील करील त्याला ते बाद देऊन टाकायचे. त्यांच्या हाती फायनल जाणार या विचाराने दशरथरावांचा डावा खांदाही दुखायला लागला.

हाडांच्या डॉक्टरांनी फ्रोझन शोल्डर सांगितलं, भिंतीवर बोटं चालवत वर न्यायचा व्यायाम दिला आणि दीड वर्षात आपोआप जाईल असा धीर दिला. फायनल दीड वर्ष पुढे ढकलता येईल का, हे दशरथरावांनी कमिटीला विचारून पाहिलं. मग त्यांच्या पत्नी मनोरमाबाईंच्या भिशीतल्या एका बाईंचा गुडघा कामी आला. तो पेणकरपाड्याच्या डॉक्टर क्षितिजाने चिनी पद्धतीने सुया टोचून चालता केला होता.

फॉल-पिकोच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर दवाखाना. क्षितिजा तिशीची असेल. तिने खांद्याकडे बघितलंच नाही. जीभ दाखवा म्हणाली.

"तक्रार हाताची आहे," दशरथराव म्हणाले.

"म्हणूनच जीभ," ती म्हणाली.

तिने समजावून सांगितलं. या पद्धतीत हातापायाच्या दुखण्याची चौकशी जिभेकडे आणि नाडीकडे करतात. जिभेवरचा थर बघितला की सांध्यात वारा शिरलाय, थंडी बसलीय की ओल, हे कळतं. दशरथरावांना हे पटलं. क्लेम खात्यातसुद्धा अपघात झालेल्याला सोडून शेजाऱ्यालाच विचारायची पद्धत होती. त्यांनी जीभ काढली. क्षितिजा बराच वेळ बघत राहिली. जीभ गुलाबी, स्वच्छ, तान्ह्या बाळासारखी. थर औषधालासुद्धा नाही.

कारण बाहेर बसलं होतं. डॉक्टरसमोर तोंड उघडायचं म्हणून मनोरमाबाईंनी त्यांच्याकडून तांब्याच्या पट्टीने दोनदा जीभ घासून घेतली होती. वर लवंग दिली होती. उद्या जीभ न घासता या, असं क्षितिजाने सांगितलं.

घरी यावर बरीच चर्चा झाली. आपल्या घरातून न घासलेल्या जिभेने कुणी बाहेर पडलेलं नाही, असं मनोरमाबाईंचं म्हणणं होतं. त्यांचं माहेर रत्नागिरीचं, तिथे तर म्हशीसुद्धा धुतल्याशिवाय गोठ्याबाहेर काढत नसत. शेवटी त्या कबूल झाल्या. जीभ घासायची नाही, पण रिकाम्या पोटीही जायचं नाही. त्यांनी भांडंभर हळदीचं दूध पाजलं.

"पिवळा थर," क्षितिजा म्हणाली. "म्हणजे उष्णता. पण तुम्ही तर पंखा लावला की दुखतं म्हणता." मग तिला वास आला.

तिसऱ्या दिवशी मनोरमाबाई बागेत फिरायला गेल्याबरोबर दशरथराव निघाले. दात नाही, चूळ नाही, चहा नाही. पुरावा जसाच्या तसा न्यायचा होता. लिफ्टमध्ये आत्माराम भेटले आणि हात कसा आहे म्हणून विचारू लागले. अशा अवस्थेतलं तोंड चारचौघांत उघडणं दशरथरावांना जमेना. त्यांनी ओठ घट्ट मिटून नुसती मान हलवली. आत्मारामांनी आणखी दोन प्रश्न विचारले. पुन्हा मानच हलली. ते हळहळले आणि खाली वॉचमनला सांगून गेले. वॉचमनने परत येणाऱ्या मनोरमाबाईंना गाठून "साहब का मुँह भी बंद हो गया" असं कळवलं. दुपारपर्यंत तीन शहाळी घरी पोचली होती आणि आत्मारामांनी अंपायरची पांढरी टोपी धुऊन गॅलरीत वाळत घातली होती.

पण पेणकरपाड्यात एकदाची जीभ वाचता आली. पांढरा, जाड, ओलसर थर. क्षितिजाने दोन्ही मनगटांवर आळीपाळीने तीन-तीन बोटं ठेवली. नाडी सावकाश चालत होती. दुखणं इकडेतिकडे फिरतं का, असं तिने विचारलं. नाही, एकाच जागी बसलंय.

"वारा असता तर फिरलं असतं. ही थंडी आणि ओल. ऑफिसात बसायचात कुठे?"

एसीच्या झोताखाली. बत्तीस वर्षं, उजवी बाजू.

निदान झालं. दशरथरावांनी बाही वर करून उजवा खांदा पुढे केला. क्षितिजाने पँटचा डावा पाय गुडघ्यापर्यंत गुंडाळायला सांगितली आणि नडगीच्या बाजूला सुई टोचली.

"क्लेम हाताचा आहे. पेमेंट पायाला कसं?"

"काका, तुमची ब्रँच मुंबईत होती. हेड ऑफिस कुठे होतं?"

"कोलकात्याला."

"मग?"

दशरथरावांनी पाय सैल सोडला. ती सुई हळूहळू फिरवत राहिली आणि त्यांना हात वर न्यायला सांगत राहिली. हात खांद्याची रेषा ओलांडून कानाच्या पाळीपाशी आला. दशरथरावांनी त्याच्याकडे परक्या माणसाकडे बघावं तसं बघितलं. रिक्षा घरी पोचेपर्यंत तो चार बोटं खाली उतरला होता, पण दोन बोटं शिल्लक राहिली होती.

मग आठवड्यातून दोनदा सुई, रोज भिंतीवर बोटं चालवणं आणि संध्याकाळी मनोरमाबाईंच्या हातचं कोमट तेल. फायनलच्या आदल्या दिवशी हात सरळ वर गेला. डॉक्टर म्हणाले व्यायाम, मनोरमाबाई म्हणाल्या तेल, क्षितिजा नुसती हसली. दशरथरावांनी श्रेयाचे तीन वाटे मनातल्या मनात मंजूर केले आणि टक्केवारी कुणाला सांगितली नाही.

फायनलला ते उभे राहिले खरे, पण कमिटीची त्यांच्या हातावर नजर होती, आणि दिवसभर एकही षटकार बसेना. दोन्ही संघ कट केल्यासारखे जमिनीवरून खेळत होते. शेवटच्या चेंडूवर बी विंगला सहा धावा हव्या होत्या. जितेंद्रने डोळे मिटून बॅट फिरवली. चेंडू उंच गेला, चुन्याच्या रेषेच्या वीतभर आत पडला आणि उसळून बाहेर गेला. धूळ इतकी होती की हे दशरथरावांशिवाय कुणाला दिसलं नाही. मैदान त्यांच्या हातांकडे बघत होतं.

लेगवरून आत्माराम जवळ आले. आवाज उतरवून म्हणाले, "सिक्सर आहे, दशरथराव. हात जात नसेल तर मी देतो."

"फोर आहे."

"कळलं मला," आत्माराम हळुवारपणे म्हणाले. "हाताचं दुखणं वाईटच. मी नाही कुणाला सांगणार."

बत्तीस वर्षं लोकांनी कायकाय ऐकवलं, पण दशरथरावांचा तोल कधी गेला नव्हता. तो आता गेला. "हे बघा," ते म्हणाले आणि दोन्ही हात ताठ, कानांना लावून, बोटांच्या टोकांपर्यंत वर नेले.

"लो जी, सिक्सर," माइकवरचा बंटी ओरडला. "बी विंग चॅम्पियन." डीजे सुरू झाला. जितेंद्रला पोरांनी उचललं.

आत्मारामांनी मान वर करून आधी डावा हात बघितला, मग उजवा.

"जातोय हो," ते म्हणाले. "आता खाली घ्या."

दशरथराव गर्दीतून वाट काढत टेबलापाशी गेले. डीजे बंद करायला लावला, बंटीच्या हातातून माइक घेतला आणि चेंडू रेषेच्या आत पडला होता, चार धावा, बी विंग एका धावेने हरली, असं सांगितलं. कुणाचा विश्वास बसेना. जितेंद्र पोरांच्या खांद्यावरून उतरायला तयार नव्हता. तेव्हा दशरथरावांनी रीतसर खूण करून दाखवली. चौकाराला एकच हात लागतो. त्यांनी तो उजवा वापरला, आणि जरुरीपेक्षा बराच वरून फिरवला.