चौऱ्याहत्तर नंबरचं हेल्मेट

मी हेल्मेट बोलतोय. मिसिसिपीतल्या एका कॉलेजच्या फुटबॉल संघातल्या चौऱ्याहत्तर नंबरच्या खेळाडूचं. आमच्याकडचा फुटबॉल म्हणजे एकमेकांच्या अंगावर धावून जाण्याचा खेळ. माझ्यावाचून तिथं कुणाचं चालत नाही.

कारखान्यात माझं नुसतं कवच झालं. मला तावोरिस व्हिटलोच्या मापाचं केलं ते ओडेल प्रुइट यांनी. संघाच्या सामानाची खोली ते एकोणतीस वर्षं सांभाळतायत.

"डोकं आहे की कलिंगड?" टेप धरत ते म्हणाले.

"आई म्हणते, आत काही असतं तर बरं झालं असतं," तावोरिस हसला.

त्याला संघात घ्यायला कोच रॅडमाकर स्वतः त्याच्या घरी गेले होते. आईच्या हातचा तळलेला मासा दोनदा मागून खाल्ला आणि म्हणाले, आजपासून हा माझा मुलगा.

सप्टेंबरात एका पेट्रोल पंपावर मारामारी झाली. एकाचा जबडा मोडला. पोलिसांनी चौघांना धरलं, त्यात तावोरिस होता. सोमवारी दुपारपर्यंत कोचनी त्याला संघातून काढलं, कपाटावरची त्याच्या नावाची पट्टीही निघाली. आदल्या वर्षी संघाचा हिरो दारू पिऊन गाडी चालवताना सापडला होता, तो एका फुटकळ सामन्यापुरता बाहेर बसला. तावोरिस काही हिरो नव्हता. पुढं उभं राहून धडका खायचा, एवढंच त्याचं काम.

मला पुसून दुसऱ्याला द्या, असा निरोप आला. ओडेलनी मला वरच्या फळीवर ठेवलं आणि कुणाला दिसू नये म्हणून वर टॉवेल टाकला.

गुरुवारी तावोरिसची आई व्हर्लीन त्याचं सामान न्यायला आली. शाळेच्या स्वयंपाकघरातून थेट, ॲप्रनसकट. मला खाली घ्यायला लावून तिनं आत तळवा टेकवला.

"त्याच्या केसांच्या तेलाचा वास येतोय," ती म्हणाली. "खरं सांगा मिस्टर ओडेल, त्यानं मारलं असेल?"

"मला नाही वाटत, बाई. पण मी त्याला विचारलेलं नाही."

बोलून गेल्यावर त्यांचाच चेहरा उतरला. दुसऱ्या दिवशी रजा टाकून ते तिच्या घरी गेले आणि तावोरिसला विचारलं. भांडणारे दोघं तावोरिसच्या ओळखीचे होते, तो त्यांना सोडवत होता. ओडेल तसेच पंपावर गेले. मालकाला गळ घालून कॅमेऱ्यातलं चित्रण मिळवलं, वकिलाला दिलं. नोव्हेंबरात कोर्टानं खटला काढून टाकला. हे सगळं मला ओडेलनीच सांगितलं, माझी तोंडावरची जाळी पुसता पुसता.

मग कोचनी तावोरिसला बोलावून घेतलं. मला फळीवरून स्वतः काढून पुढं केलं. शनिवारी खेळायचंय, म्हणाले.

त्यानं हात पुढं केला नाही. "कोच, काय झालं म्हणून तुम्ही मला विचारलंच नाहीत."

कोच बराच वेळ माझा हनुवटीचा पट्टा सारखा करत राहिले. "घाबरलो रे. वरून फोन येत होते. विचारलं असतं, तर तुझ्या बाजूनं उभं राहावं लागलं असतं."

ओडेल पाठ वळवून टॉवेलांच्या घड्या घालू लागले.

"मिस्टर ओडेलनी विचारलं," तावोरिस म्हणाला. "उशिरा, पण विचारलं." मग मला घेऊन त्यानं कपाळ क्षणभर माझ्यावर टेकवलं आणि मला ओडेलच्या हातात दिलं. आता तो गावाजवळच्या छोट्या कॉलेजात खेळतो. व्हर्लीन एकही सामना चुकवत नाही म्हणे.

मी आता दुसऱ्या डोक्यावर असतो. रंग खरवडलाय, जाळीची एक पकड कुरकुरते. बाहेरचे धक्के मी सोसेन, त्यासाठीच माझा जन्म. आतले धक्के माझ्या आवाक्यात नाहीत, ते तुम्हीच बघा. शिक्षा मागाहून ठरवा, आधी जवळ बसून ऐकून घ्या.

परवा संघातल्या एका खेळाडूला पोलिसांनी चौकीवर बोलावलं. जाण्याआधी तो आमच्या खोलीत बाकावर बसला होता. बातमी कळताच कोच आले, त्याच्या शेजारी बसले. खिशातला फोन वाजत होता, तो त्यांनी बंद केला.

"हं," ते म्हणाले, "सांग."