प्रार्थना ऐकणारा दिवा

त्या रविवारी चर्चमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. आत पांढरे झगे, पांढऱ्या टोप्या, झावळ्यांचे पंखे. बाहेर राहिलेले लोक खिडक्यांतून माना आत खुपसत होते. समोर एसेकिया डोळे मिटून उभा, दोन बोटं कपाळाला टेकवलेली.

"मला एक माणूस दिसतोय," तो म्हणाला. "धाकट्या भावाशी त्यानं बोलणं टाकलंय. एका होडीवरून. परवा तो रडला. बायकोनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला. आहे का तो इथं?"

तिसऱ्या रांगेतला धिप्पाड लाफाएले उभा राहिला आणि पोरासारखा हमसून रडायला लागला. बायका किंचाळल्या. म्हातारे गुडघ्यांवर आले. "संदेष्टा! खरा संदेष्टा!" असा एकच गलका झाला.

मी दारात उभी होते. मी तेपोरा, इथल्या आरोग्यकेंद्राची नर्स. सावाई बेटाच्या याच किनाऱ्यावर जन्मले आणि इथेच लोकांना सुया टोचत म्हातारी होत चाललेय. चमत्कार म्हटलं की मी आधी एक खाट मोकळी करून ठेवते, कारण त्याच्यामागून माझ्याकडे कुणीतरी झोळीतून येतं.

हा एसेकिया ब्रिस्बेनहून आला होता. आमचे पाद्री डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी राजधानीला, आपियाला गेले आणि हा त्यांच्या जागी उभा राहिला. येताना खोकी घेऊन आला, खोक्यांत दिवे. उन्हावर चालणारे, गोल, गुळगुळीत, घरटी एक, फुकट. स्वतःच्या हातानं त्यानं ते प्रत्येक घराच्या मधल्या खांबाला लावले.

"हा दिवा नाही, बंधूंनो, हा देवाचा कान आहे!" तो ओरडायचा. "प्रकाश दयेचा, बॅटरी स्वर्गाची आणि गॅरंटी अनंतकाळाची! याच्याखाली बसून प्रार्थना करा. मोठ्यानं करा. पुटपुटू नका, देवाला पुटपुटणारे आवडत नाहीत!"

देवाला पुटपुटलेलं ऐकू येत नाही, हे मला तेव्हाच पहिल्यांदा कळलं!

आमच्याकडे संध्याकाळी शंख वाजला की गाव जागच्या जागी थांबतं. रस्त्यावर कुणी चालत नाही, पोरं खेळत नाहीत. घरोघरी माणसं चटईवर बसून मोठ्यानं प्रार्थना करतात. बाप एरवी लेकाला जे कधी सांगणार नाही, ते त्या वेळी देवाला सांगतो, आणि शेजारी बसलेला लेक ते ऐकतो. रुसवे तिथं निघतात, रडणं तिथं होतं. आणि त्या प्रार्थनेत कुणी खोटं बोलत नाही. बाजारात बोलतील, नवऱ्याशी बोलतील, माझ्याशी तर रोजच बोलतात. प्रार्थनेत नाही.

गावातल्या म्हाताऱ्या मातालेनाची नात फेतू माझी पेशंट होती. आई न्यूझीलंडला फळबागेत कामाला, पोर आजीजवळ. घसा दुखण्याचं साधं निमित्त झालं, त्याकडे कुणी बघितलं नाही, मग सांधे सुजले, आणि तो ताप हृदयाच्या झडपेपर्यंत पोचला. आमच्या बेटांवर हे दुखणं घरोघरी आहे. त्यावर उपाय एकच, दर महिन्याला पेनिसिलिनची सुई, न चुकता, मोठं होईपर्यंत. सुई जाड आणि औषध घट्ट. फेतू दर वेळी माझा हात चावायची आणि मग माझ्याच कुशीत शिरायची. मला ती फार आवडायची, सांगून टाकते.

एका रविवारी एसेकियानं बोट उचललं. "एक लहान मुलगी! रोज हात जोडून म्हणते, देवा, मला सुई नको. मातालेना, ही तुझ्या घरातली आहे. देवानं तिचं ऐकलं! तिचं हृदय बरं झालं. आता सुई म्हणजे देवावर अविश्वास!"

फेतू टाळ्या वाजवत उठली. पुढच्या महिन्यात ती सुईला आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

मी मातालेनाच्या घरी गेले. ती कोको ढवळत होती. मला बसायला चटई टाकली, पण माझ्याकडे बघेना.

"मावशी, त्या पोरीची झडप फाटलेल्या शिडासारखी आहे. सुई थांबली तर पुढचा ताप तिला झेपायचा नाही."

"तिनं देवाजवळ मागितलं, देवानं दिलं. तू मध्ये पडणारी कोण गं?"

"तिनं मागितलेलं त्या माणसाला कसं कळलं?"

"कसं म्हणजे? देवानं सांगितलं."

"बरं. मग वादळात मोबाईलचा मनोरा पडला, तेव्हा देवाची वाचा बसली होती का?"

मातालेनाचा हात थांबला. मनोरा दुरुस्त होईपर्यंत एसेकिया रविवारी नुसती गाणी म्हणवून घेत होता. "आत्मा उपासाला बसलाय," असं सांगायचा. इकडे रेंज आली आणि तिकडे आत्म्याचा उपास सुटला. ही गोष्ट माझ्या मनातून जाईना.

मी गावप्रमुख विलियामुला दिव्यांपासून लांब, किनाऱ्यावर गाठलं आणि स्पष्ट म्हटलं, की त्या दिव्यांत कॅमेरा आहे, ऐकायचं यंत्र आहे, एक उघडून बघू या. तो खो खो हसला.

"सिस्टर, आमच्या घरांना भिंतीच नाहीत! रस्त्यावरून जाणारा कुत्रासुद्धा बघतो आम्ही काय जेवतो ते. आमचं लपवायचं काय, आणि चोरायचं काय?"

"शेजारी तुला बघतो, तेव्हा तूही त्याला बघतोस, विलियामु. याला तू बघू शकतोस का?"

त्यावर तो चिडला. दिव्याला हात लावेल त्याला एका डुकराचा दंड, असं गावच्या बैठकीत ठरलं होतं. माझ्याकडे डुक्कर नव्हतं. असतं तर त्याच दिवशी दिवा फोडला असता.

मग फेतूचा घसा धरला. ताप चढला, गुडघे सुजले, आणि शुक्रवारी मी कान लावला तर छातीत पाणी वाजत होतं. चार पावलांत तिला धाप लागत होती.

"आत्ताच्या आत्ता इस्पितळात," मी म्हटलं.

"संदेष्टा म्हणतो, दिव्याखालून हलवू नका."

"अगं मावशी, मरेल ती!"

मी ओरडलेच. फेतू घाबरून माझ्याकडे बघायला लागली. मातालेनानं तिला कुशीत घेतलं, आणि तिचा चेहरा मला दिसला. तिचा विश्वास डळमळला होता, पण तो सोडायचीही तिला भीती वाटत होती. तेव्हा मी तिच्या कानाशी पुटपुटले, कारण पुटपुटलेलं त्या दिव्याला ऐकू येत नव्हतं. "आज संध्याकाळी दिव्याखाली एक खोटी गोष्ट सांग. जी देवाला ठाऊक आहे की खोटी आहे, गावाला ठाऊक आहे, आणि फक्त त्या परक्या माणसाला ठाऊक नाही."

"प्रार्थनेत खोटं?" तीही पुटपुटली आणि तिनं कानांवर हात ठेवले. "मला नरकात घालतेस का?"

तिनं मला घराबाहेर काढलं. मी गेले नाही, पायरीवर बसून राहिले. आतून फेतूचा श्वास ऐकू येत होता, आणि मातालेनालाही तो ऐकू येतच होता. शेवटी ती बाहेर माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली,

"मी करते. पण रविवारपर्यंत पोरगी हलणार नाही. तो खरा ठरला तर तू पुन्हा या दारात यायचं नाही. खोटा ठरला तर तूच तिला घेऊन जा."

माझा जीव तुटत होता, पण तिच्या शब्दाबाहेर त्या घरातून मुलगी कुणी उचलू शकत नव्हतं. साक्षीला मी विलियामुला बोलावलं. माझी फजिती बघायला मिळणार म्हणून तो आनंदानं आला.

शंख वाजला. मातालेना दिव्याखाली बसली. आयुष्यात पहिल्यांदा ती प्रार्थनेत खोटं बोलली. "देवा, माझा मुलगा सोलोमोना, जो प्रवाळाच्या खडकावर बुडाला, त्याला शांती दे. मी त्याला त्या दिवशी मारलं होतं, मला क्षमा कर." मातालेनाला तीन मुली. मुलगा कधी झालाच नाही, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

रविवारी फेतूला घरीच दिव्याखाली झोपवलं होतं. शेजारची एक बाई सोबतीला होती. मी विलियामुच्या गाडीत डिझेल भरून घेतलं आणि चर्चच्या दारात उभी राहिले.

एसेकियानं डोळे मिटले. कपाळावर दोन बोटं गेली.

"समुद्र... मला समुद्र दिसतोय. एक तरुण पाण्यातून हाक मारतोय. मातालेना! तुझा सोलोमोना मला म्हणतो, आईला सांग, तू मारलंस ते मी विसरलो!"

कुणी किंचाळलं नाही. कुणी गुडघ्यांवर आलं नाही. पंखे हलायचे थांबले. शांततेला तो भक्ती समजला आणि आणखी चढला. "किती देखणा मुलगा! अगदी आईचे डोळे!"

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. मातालेना उभी राहिली.

"मला मुलगा झालाच नाही," ती म्हणाली. "मी खोटं बोलले होते. देवाला ते माहीत होतं. तुला कसं नाही कळलं रे?"

एसेकियाचा चेहरा उतरला. "सैतानानं तिच्या तोंडून..." असं काहीतरी तो सुरू करत होता, तोवर विलियामुनं चर्चमधला दिवा ओढून काढला आणि पायरीवर आपटला. आतून हरभऱ्याएवढी काच निघाली, खाली एक सिमकार्ड. दूरच्या घरांवर चोरांसाठी नजर ठेवायला असले कॅमेरे बाजारात मिळतात. या माणसानं ते देवाच्या नावानं लावले होते, आणि सगळ्यांचा पासवर्ड एकट्याजवळ ठेवला होता.

लाफाएलेनं त्याच्या खिशातून फोन हिसकावला आणि त्याचाच अंगठा दाबून उघडला. सगळे भोवती जमले. पडद्यावर छोटे छोटे चौकोन, आणि चौकोनांत आमचं गाव. कुणाचे चुलीवर शिजणारे तारोचे कंद. कुणाचा झोपलेला म्हातारा. कुणाची उघड्या अंगानं मुलाला पाजणारी सून. "हे माझं घर!" एक बाई म्हणाली आणि तिनं हातातल्या पंख्यानं स्वतःचा गळा झाकला, जणू तो आत्ताच तिच्याकडे बघत होता.

एका चौकोनात फेतू होती.

सोबतची बाई चटईवर नव्हती, मदतीला कुणाला बोलवायला गेली असावी. फेतू खांबाला टेकून बसली होती, मान वर, तोंड उघडं, खांदे श्वासासाठी वरखाली. लाफाएलेचं बोट पडद्याला लागलं आणि चौकोन मोठा झाला, आवाज आला. पोर दिव्याकडे हात पसरून बोलत होती. "देवा, मला श्वास येत नाही. आजीला पाठव ना. देवा, ऐकतोस ना?"

सगळ्या चर्चनं ते ऐकलं. मातालेनाच्या तोंडून निघालेला आवाज मी जन्मात विसरणार नाही.

आम्ही पळालो. गाडीत मी फेतूला मांडीवर बसवलं, ऑक्सिजन लावला, इंजेक्शनं दिली, जे हातात होतं ते सगळं केलं. इस्पितळाच्या फाटकाच्या खूप आधी तिचा हात माझ्या मनगटावरून सैल पडला. त्या वेळी ती मला चावली असती तर किती बरं झालं असतं.

एसेकियाला पोलीस घेऊन गेले. त्यांनी त्याला दिवे कुठून आणले ते विचारलं. त्याला विचारायचा प्रश्न वेगळाच होता. फेतू सुजत होती, धापा टाकत होती, ते त्याला रोज फोनवर दिसत होतं, रोज ऐकू येत होतं. दुखणाऱ्या पोरीकडे डोळे उघडे ठेवून बघत राहिला आणि रविवारी डोळे मिटून देवाचं नाव घेत राहिला.

फेतूला घरासमोर पुरलं. तेव्हाच कुजबूज सुरू झाली, की म्हातारी प्रार्थनेत खोटं बोलली, म्हणून देवानं पोर नेली. मातालेनाही तेच म्हणायला लागली. मी तिचे दोन्ही खांदे धरले.

"ऐक मावशी. तुझ्या खोट्यानं ती गेली नाही. सुया चुकल्या, म्हणून गेली. झडपेला प्रार्थना कळत नाही आणि खोटंही कळत नाही. तिला औषध कळतं."



आता सुयांच्या दिवशी मातालेना आरोग्यकेंद्राच्या पायरीवर बसलेली असते. पोरं ओरडतात, ती त्यांचे हात धरते, आणि पोरं तिला चावतात. आयांना मात्र ती सोडत नाही.

"घरात काय फुकट आणून लावलंय गं? घड्याळ? बोलणारा डबा? दिवा? तो कुणाचं ऐकतो? त्याची किल्ली कुणाजवळ आहे?"

एखादी हसून म्हणते, "आजी, आमच्याजवळ लपवण्यासारखं आहेच काय?"

"माझ्याजवळही काही नव्हतं," मातालेना म्हणते. "फक्त एक पोरगी सुईला घाबरत होती."